हिरव्या ग्लासाला मिक्सर कशाला?

पावसाळ्यात रेवदंड्याला लाइट जाणं ही काही बातमी नसते. कुंडलिकेच्या मुखावरून वारा सुटला, एखादी झावळी तारेवर पडली, की वाडीतल्या घरांतले पंखे थांबतात आणि त्यांच्याबरोबर मिक्सरही. पूर्वी मिक्सर बंद पडल्याची तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात येत नसे. अलीकडे येतात. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं, की रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा मोठा ग्लास घेतला की साखर उतरते, रक्त वाढतं, वजन घटतं आणि शरीरातली घाण निघून जाते. त्या व्हिडिओत काचेच्या भांड्याचा दणकट ब्लेंडर असतो. बघणारीच्या घरी एक तर मिक्सर नसतो, किंवा असतो तो चटणीपुरता, आणि त्यात पालकाचे दोरे तसेच राहतात. मग सरकारी दवाखान्याच्या रांगेत, रक्तदाबाची पट्टी दंडाला बांधून घेता घेता प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, आमच्याकडे मिक्सर नाही. ते हिरवं कसं करायचं?’’

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला सरळ उत्तरही आहे. मिक्सरशिवाय हिरवं पेय उत्तम होतं. कोकणातल्या स्वयंपाकघरात त्याची सगळी साधनं आधीपासून आहेत. मात्र व्हिडिओत दाखवतात तो कच्च्या पाल्याचा मोठा ग्लास हातानं करायला जाऊ नये, आणि घरी कितीही भारी मिक्सर असला तरी त्यातही करू नये. अडचण यंत्राची नाहीच. पाला कच्चा आहे की शिजलेला, किती आहे, कशाबरोबर आहे आणि पिणाऱ्याला कोणता आजार आहे, यावर सगळं अवलंबून असतं. या चारही गोष्टी व्हिडिओत नसतात.

रेवदंड्याला या विषयाचा एक जुना धागा आहे. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी चौल बंदरात उतरला. त्याची आठवण म्हणून रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात स्मारक उभं आहे. येणारे-जाणारे त्याच्याकडे फारसं बघत नाहीत, हा भाग वेगळा. या निकितिनने आपल्या टिपणांत इथल्या लोकांच्या जेवणाची नोंद केली आहे. भात, तूप घातलेली खिचडी आणि तऱ्हेतऱ्हेचा पाला, तोही लोणी आणि दूध घालून शिजवलेला. परक्या माणसाच्या नजरेला पडलेली ही साधी गोष्ट. पण पाला शिजवणं, त्यात स्निग्ध पदार्थ घालणं आणि दूधदुभतं घालणं या तिन्ही कृतींमागचं शास्त्र आज सांगता येतं, आणि कच्च्या हिरव्या ग्लासात नेमक्या याच तिन्ही गोष्टी गाळलेल्या असतात.

सुरुवात अळूपासून केलेली बरी. अळू मोरीच्या पाण्यावर वाढतो आणि त्याचं फदफदं कसं करायचं हे कोकणात वेगळं शिकवावं लागत नाही. पानं चांगली शिजवायची, चिंच किंवा दुसरं काही आंबट घालायचं, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे टाकायचे. असं का, हे विचारलं तर उत्तर मिळतं, ‘‘नाहीतर घसा खवखवतो.’’ अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणून कच्च्या अळूचा ग्लास प्यायची कल्पनाही कुणाला सुचत नाही. पालकात आणि माठातही ऑक्झलेट भरपूर असतं. पण तिथं त्याचा बराच भाग पाण्यात विरघळणारा असतो. तो टोचत नाही, खाजत नाही, चवीलाही फारसा कळत नाही. घसा बोलत नाही म्हणून माणूस निर्धास्तपणे पीत राहतो, आणि ते ऑक्झलेट आतड्यातून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात पोचतं. तिथं कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचे स्फटिक होतात. मूतखड्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच.

आकडे पाहिले की प्रमाण ध्यानात येतं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ६०० ते ९०० मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांना पथ्य सांगताना दिवसभरात १०० मिलिग्रॅमच्या आसपास राहा, असं सांगण्याची पद्धत आहे. व्हिडिओतल्या एका ग्लासात दोन-तीन मुठी, म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम पाला सहज जातो. म्हणजे पथ्याच्या दहापट ऑक्झलेट न्याहारीआधीच पोटात, आणि तेही रिकाम्या पोटात, जिथं त्याला अडवायला दुसरं काहीच नाही.

हा निव्वळ कागदी हिशेब नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या मूत्रपिंडविकारांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद आली. आधी तिची मूत्रपिंडं व्यवस्थित होती. वजन आणि ‘शुद्धी’ यांसाठी तिनं हिरव्या पाल्याच्या स्मूदीचा सपाटा लावला आणि तिची मूत्रपिंडं निकामी झाली. ती पुन्हा सुधारली नाहीत. तिच्या पोटाची वजन घटवण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली होती आणि बराच काळ प्रतिजैविकं चालू होती. या दोन्हींमुळे ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. सगळ्यांना असं होईल असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्या शरीरात कोणती खोट आधीपासून आहे हे ग्लास भरताना किती जणांना ठाऊक असतं?

आपल्या किनाऱ्याच्या जवळचं उदाहरण केरळचं आहे. बिलिंबीची आंबटढाण हिरवी फळं कोकणापासून केरळपर्यंत लोणच्यात आणि माशाच्या कालवणात वापरतात. चार फळं कालवणात पडली तर कुणाचं काही बिघडत नाही. केरळात मात्र काही लोकांनी कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी त्यांचा रस काढून प्यायला सुरुवात केली. तिथल्या पाच रुग्णालयांतल्या दहा रुग्णांची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दहाही जणांची मूत्रपिंडं ऑक्झलेटमुळे अचानक बंद पडली होती आणि त्यांतल्या सात जणांना डायलिसिस करावं लागलं. फळ तेच, माणसं तीच. कालवणात चार फळं खाणारा माणूस ग्लासातून ओंजळभर फळं एका दमात प्याला, एवढाच फरक.

दातांचं आणि हातांचं एक काम आहे, ते म्हणजे माप राखणं. पालकाची आख्खी जुडी कच्ची चावून खायला बसलं तर पाव जुडीतच जबडा थकतो. पाट्यावर वाटायला घेतली तर दंड भरून येतात. मिक्सरला थकवा नाही, म्हणून त्याच्या ग्लासाला माप नाही. इथं मिक्सरच्या बाजूचंही सांगायला हवं. त्याच्या पात्यानं पाल्यातला चोथा नष्ट होतो, हा समज चुकीचा आहे. चोथा बारीक होतो, नाहीसा होत नाही. तो जातो गाळण्यामुळे. शिवाय पान बारीक झालं की त्यातलं बीटा कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते सुटं होऊन जास्त प्रमाणात मिळतं. पण तेच काम शिजवून घोटल्यानंही होतं, आणि बीटा कॅरोटिन शोषलं जायला थोडं तेल किंवा तूप लागतंच. बिनतेलाचा कच्चा ग्लास तिथंही कमी पडतो. राहिली ‘शरीरातली घाण काढण्या’ची गोष्ट. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात. त्यांना पालकाची मदत लागत नाही, आणि वर पाहिलं तसा कधी कधी पालकाचाच त्रास होतो.

दुधीचा रस हे याच हिरव्या घराण्यातलं आणखी एक प्रकरण, आणि ते जास्त गंभीर. शहरांत बागांच्या दाराशी सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी हा रस मिळतो. आता गावातही मधुमेहाचे रुग्ण तो घरी काढतात. मिक्सर नसेल तर दुधी किसून फडक्यातून पिळतात. दुधी, काकडी, कारलं या कुळातल्या वेलींमध्ये कुकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. एरवी दुधीत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात एकाएकी वाढतात. ते फळ दिसायला इतरांसारखंच असतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कारलं-दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं याचा अभ्यास केला. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यातही एका स्त्रीचा असाच मृत्यू झाल्याचं वृत्तपत्रांतून आलं होतं. समितीनं सांगितलेलं पाळायला एक पैसाही लागत नाही. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्यावा, त्याची भाजीही करू नये. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. कारल्याचा तर नाहीच, कारण कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो. ‘औषध कडूच असतं’ ही आपली समजूत या ठिकाणी जीवघेणी ठरते. रस प्यायल्यावर उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, चक्कर यांतलं काहीही झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नये. या विषावर उतारा नाही. सलाइन आणि देखरेख यांवरच माणूस वाचतो, आणि त्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

सरकारी दवाखान्यात आणखी एक रुग्ण नेहमी दिसतो. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेला, पुढे मोठ्या रुग्णालयात कृत्रिम झडप बसवून आलेला. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तो वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉलची गोळी रोज घेतो आणि अधूनमधून आयएनआरची तपासणी करतो. ही गोळी के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, आणि हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतं. अशा माणसानं शेजाऱ्याचं ऐकून रोज पालकाचा ग्लास सुरू केला, तर गोळी तीच राहून तिचा परिणाम उतरतो आणि झडपेवर गुठळी होण्याची भीती निर्माण होते. उलट, पाला रोज खाणाऱ्यानं तो एकदम बंद केला तर रक्त जास्त पातळ होतं. यांना पालेभाजी वर्ज्य नाही. ती दर आठवड्याला साधारण सारखीच असावी, एवढंच, आणि बदल करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगून. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमकुवत आहेत त्यांच्यासाठी पोटॅशियम हा वेगळा धोका आहे. पालकात ते भरपूर असतं. किनाऱ्यावर पाण्याऐवजी शहाळं घालून हा ग्लास करण्याची जी नवी हौस निघाली आहे, ती अशा रुग्णाच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकते.

मग कच्चेपणाचा प्रश्न. पाला मातीलगत वाढतो, त्यावर कुठलं पाणी पडतं ते विकणारीलाही सांगता येत नाही. टायफॉइड, अमिबा, जंत हे नेहमीचे पाहुणे. त्याहून गंभीर आहेत ती पट्टकृमीची अंडी. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत आणि मातीतून पाल्यावर येतात. ती कच्च्या पाल्याबरोबर पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि चांगल्या धडधाकट माणसाला फिट येऊ लागते. ‘आम्ही तर मांसाहार करतच नाही’ असं कुटुंबीय कळवळून सांगतात. पण मेंदूतल्या या गाठींसाठी मांस खावंच लागतं असं नाही. न शिजवलेला, नीट न धुतलेला पाला पुरतो. मिठाच्या पाण्यात पाला बुडवून ठेवल्यानं माती आणि अळ्या सुटतात, पण या अंड्यांची खात्री देता येत नाही. वाहत्या पाण्यात एकेक पान चोळून धुणं आणि मग शिजवणं, हाच भरवशाचा उपाय. पावसाळ्यात तर नक्कीच.

ग्लास पिणाऱ्या बायांना बहुतेक वेळा ‘रक्त वाढवायचं’ असतं, आणि ती गरज खरी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होतं. निम्म्याहून जास्त बायका धाप लागत, पाय ओढत घरचं, शेतावरचं आणि मासळी बाजारातलं काम उरकतात. पण यावर पालकाचा ग्लास हा उपाय नाही. १०० ग्रॅम पालकात तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते, आणि पालकातल्या लोहातलं थोडंसंच अंगी लागतं. पालेभाजी जेवणात हवीच, पण रक्तक्षयाचा उपचार म्हणजे आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी. गरोदर बाईनं ती रोज, निदान १८० दिवस घ्यायची असते. गोळीनं शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून ती गादीखाली जाते आणि तिच्या जागी हिरवा ग्लास येतो. या ग्लासाचं हे सर्वांत मोठं नुकसान. ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही.

आता ज्यासाठी प्रश्न विचारला गेला त्याकडे वळू. मिक्सरशिवाय करायचं कसं?

पालक किंवा माठ घ्यायचा असेल तर माणशी मूठभर पुरे. धुऊन, चिरून, भरपूर उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं शिजवावा आणि ते पाणी टाकून द्यावं. पालेभाजीचं पाणी टाकू नये, असं आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत आणि इतर भाज्यांसाठी ते बरोबरही आहे. पण पालक, माठ, चुका यांच्याबाबतीत त्या पाण्याबरोबर विरघळणारं ऑक्झलेट मोठ्या प्रमाणात निघून जातं. काही क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं, हे कबूल. ते लिंबू, पेरू, आवळा, डाळी यांतून भरून काढता येतं. मेथी, कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला यांत हा त्रास कमी, त्यामुळे त्यांचं पाणी ठेवलं तरी चालतं. शेवग्याचं झाड परसात असेल तर खरं तर पालक विकत आणायचीही गरज नाही.

शिजलेला पाला बारीक करायला वीज लागत नाही. प्रत्येक घरात होळीपुरतं खाली निघणारं पुरणयंत्र त्यासाठी उत्तम. बारीक भोकांची चकती लावून शिजलेला पाला फिरवला की दोरे वर राहतात आणि खाली गुळगुळीत गर पडतो. पुरणयंत्र नसेल तर पुरणाची चाळणी आणि वाटीचं बूड. तेही नसेल तर डावानं पातेल्याच्या कडेला घोटायचं आणि शेवटी रवी फिरवायची. घोटणं हा शब्दच आपल्याकडे पालेभाजीसाठी आहे. पातळभाजी म्हणतात ती दुसरं काय असते? शिजलेली डाळ आणि पाला एकत्र घोटलेला. त्यात ताक घातलं की ताकभाजी झाली. ताकातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, ते रक्तात जाऊ देत नाही. वरची लसणाची फोडणी बीटा कॅरोटिन शोषायला मदत करते. वाटीतून प्यायली तरी चालते, भातावर घेतली तर उत्तमच. निकितिनला जे दिसलं त्याच्या हे फार जवळचं आहे.

यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. दूध-ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला अडवतं तसं लोहालाही थोडं अडवतं. म्हणून ज्याला खड्यांची भीती आहे त्यानं ताकभाजी घ्यावी, आणि रक्तक्षय असलेल्या बाईनं डाळ घातलेली पातळभाजी घेऊन, चुलीवरून उतरवल्यावर त्यावर लिंबू पिळावं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, मात्र उकळलं की ते कमी होतं. जेवणाला लागून चहा नको, निदान तासाभराचं अंतर हवं. एकाच वाटीत सगळं मिळेल, असा पदार्थ जगात नाही.

ज्यांना खरोखर ग्लासच हवा आहे, त्यांच्यासाठी मठ्ठा आहे. कोथिंबीर, थोडा पुदिना आणि आल्याचा तुकडा खलबत्त्यात कुटून रवीनं घुसळलेल्या ताकात घातला, की लग्नाच्या पंगतीत पितात तसं हिरवट पेय तयार होतं. मीठ बेतानं घालावं, कारण किनाऱ्यावर सुक्या मासळीतून ते आधीच भरपूर जातं. कोथिंबीर आणि पुदिना इथं कच्चे राहतात, म्हणून धुण्यात कसूर नको, आणि पावसाळ्यात त्यांवर आधी उकळतं पाणी ओतून घ्यावं. ताक नको असेल तर नारळ आहेच. सोलकढीसाठी काढतात तसं खोबऱ्याचं दूध हातानं पिळून काढावं आणि त्यात कुटलेली कोथिंबीर मिसळावी. मधुमेह असणाऱ्यांनी ग्लासात केळं, चिकू, आंब्याचा रस, मध असलं काही घालू नये. ‘हिरवं आहे’ म्हणून त्यातली साखर मोजायची राहून जाते. फळ वेगळं, चावून खावं. पातळ पदार्थानं पोट भरल्याची जाणीव कमी होते आणि माणूस तासाभरात पुन्हा न्याहारीला बसतो.

पाटा-वरवंट्याचं गुणगान मात्र या सगळ्यात मुद्दाम टाळलं आहे. पाट्यावरच्या वाटणाची चव वेगळी, असं म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः वाटत नाहीत. गुडघे मोडून, कमरेत वाकून रोज वाटण करणाऱ्या बाईच्या पाठीचं आणि खांद्याचं काय होतं, ते दवाखान्यात दिसतं. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ओलं-सुकं वाटण पेलणारा सुमीत मिक्सर बनवला, तो परदेशी यंत्राला भारतीय मसाला झेपत नव्हता म्हणून. त्या यंत्रानं लाखो घरांतल्या बायकांचे तास वाचवले. तो चटणीला, वाटणाला जरूर वापरावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा कोपऱ्यातले पाटे पुन्हा मधे आले. पण ती नाइलाजाची गोष्ट होती. शिजलेला पाला घोटायला पाट्याचीही गरज नाही आणि मिक्सरचीही. एखादं शाळकरी पोर पुरणयंत्राचा दांडा फिरवू शकतं. घरातल्या पुरुषानं फिरवला तरी चालेल.

गुळगुळीत हिरव्या गराची ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी कुणी व्हिडिओ करत नाही. दात गेलेले म्हातारे, कवळी टोचते म्हणून वर्षानुवर्षं वरण-भातावर दिवस काढणारे, सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालेलं बाळ आणि अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणारा रुग्ण. कोकणातल्या घरांतून तरुण मुंबईला गेलेले असतात आणि मागे हेच उरलेले असतात. पालेभाजी चावत नाही म्हणून ती पानातून कायमची जाते. मग बद्धकोष्ठता, मग रेचकं, मग अशक्तपणा. यांच्यासाठी पुरणयंत्रातून काढलेला माठ किंवा शेवग्याचा गर, त्यात चमचाभर तूप आणि मऊ शिजलेली मूगडाळ, हे औषधाइतकं मोलाचं आहे. बाळाच्या वाट्याला मीठ घालू नये.

अर्धांगवायूच्या रुग्णाला मात्र ते पातळ करून ग्लासानं पाजू नये. पाण्यासारखं पातळ पेय त्याच्या श्वासनलिकेत उतरतं, ठसका लागतो आणि पुढे न्यूमोनिया होतो. कधी कधी ठसकाही लागत नाही. गर चमच्यात घेऊन चमचा तिरपा करावा. धार लागली तर तो पातळ आहे, त्यात आणखी डाळ घोटावी. गोळा होऊन हळूच घसरला तर बरोबर. रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन अर्धा चमचा द्यावा आणि तो गिळल्याचं बघूनच पुढचा भरवावा.